लघुप्रतिमा युद्धखेळातील तोफखान्याचे नियम

लघुप्रतिमा युद्धखेळ म्हणजे मेजावर उभारलेल्या भूभागावर शिसे, कथील किंवा प्लास्टिक यांचे छोटे सैनिक मांडून ठरावीक नियमांनुसार लढाई खेळण्याचा प्रकार होय. बुद्धिबळाप्रमाणे यात घरे आखलेली नसतात. हालचाल मोजपट्टीने मोजली जाते आणि माऱ्याचा परिणाम बहुधा फाशांनी ठरतो. या खेळातील पायदळ व घोडदळ यांच्या नियमांचा गाभा बराचसा स्थिर राहिला आहे. तोफखान्याचे नियम मात्र गेल्या दोन शतकांत वारंवार मोडून नव्याने रचले गेले. तोफेचा पल्ला मोठा असतो आणि मेज लहान असते, ही त्यामागची सहज दिसणारी अडचण. दुसरी अडचण अधिक खोल आहे. चाचणीच्या मैदानावर तोफ जेवढी संहारक ठरते, तेवढी ती प्रत्यक्ष रणांगणावर ठरत नाही. त्यामुळे नियमकर्त्याने तोफेला किती बळ दिले, यावरून भूतकाळातील लढाया कशा जिंकल्या गेल्या याविषयीचे त्याचे मतच उघड होते.

प्रशियातील आरंभ

जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथील योहान हेलविग यांनी १७८० मध्ये बुद्धिबळावर आधारलेला एक युद्धखेळ प्रसिद्ध केला. त्यात तोफा होत्या, परंतु बुद्धिबळाप्रमाणेच नशिबाला वाव नव्हता. तोफखान्याच्या नियमांचा खरा आरंभ प्रशियात झाला. गेओर्ग लेओपोल्ड फॉन राइसविट्झ यांनी १८१२ मध्ये राजा तिसरा फ्रीडरिख विल्हेल्म याच्यासमोर युद्धखेळाचे एक खास मेज सादर केले. त्यांचा मुलगा तोफखान्यात अधिकारी होता. त्याने १८२४ मध्ये वडिलांच्या खेळाला पद्धतशीर रूप देऊन ‘क्रीग्सश्पील’ची नियमपुस्तिका प्रसिद्ध केली.

धाकटे राइसविट्झ स्वतः गोलंदाज असल्यामुळे तोफेचा नेम दर वेळी सारखा लागत नाही, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. त्यांचा खेळ १:८००० प्रमाणाच्या नकाशावर चाले आणि एक खेळी म्हणजे प्रत्यक्षातील दोन मिनिटे धरली जात. माऱ्याचा परिणाम काढण्यासाठी त्यांनी खास फासे तयार केले. अंतर वाढले की हानी घटे, आणि एकाच अंतरावरही अनुकूल व प्रतिकूल परिस्थितीतील परिणाम वेगळा धरला जाई. या कोष्टकांना प्रशियाचे सेनानी गेरहार्ड फॉन शार्नहोर्स्ट यांनी केलेल्या गोळीबाराच्या चाचण्यांचा आधार होता. शार्नहोर्स्ट यांचा या विषयावरील ग्रंथ १८१३ मध्ये प्रसिद्ध झाला होता.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. चाचणीत लक्ष्य म्हणून लाकडी फळ्या उभ्या करतात. फळ्या उलट मारा करत नाहीत, आणि गोलंदाजाच्या डोळ्यांत धूरही जात नाही. राइसविट्झ यांना याची जाण होती, म्हणूनच त्यांनी फाशांचा अवलंब केला. परंतु मूळ आकडे चाचणीचेच राहिले. पुढे कोष्टके वाढत गेली आणि खेळ संथ झाला. तेव्हा युलियुस फॉन फेर्दी दु वेर्न्वा यांनी १८७६ मध्ये कोष्टकांना फाटा देऊन माऱ्याचा परिणाम अनुभवी पंचाने ठरवावा, असा मार्ग पुरस्कारला. कोष्टक की पंच, हा वाद तेव्हापासून अद्याप संपलेला नाही.

स्प्रिंगच्या तोफा

क्रीग्सश्पील हा लष्करी शिक्षणाचा भाग होता. घरगुती करमणुकीचा प्रवाह इंग्रजी साहित्यिकांच्या घरांतून निघाला. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हे १८८० च्या दशकाच्या आरंभी स्वित्झर्लंडमधील दाव्होस येथे राहत असताना आपला सावत्र मुलगा लॉइड ऑस्बोर्न याच्यासह खेळण्यातील सैनिकांच्या लढाया खेळत. सैनिक खरोखर नेम धरून पाडले जात. ऑस्बोर्न यांनी याविषयीचा लेख १८९८ मध्ये प्रसिद्ध केला.

एच. जी. वेल्स यांच्या १९१३ मधील ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकाने हा प्रकार लोकप्रिय केला. वेल्स यांच्या खेळाचा जीव म्हणजे स्प्रिंगची छोटी तोफ. ती सुमारे एक इंच लांबीची लाकडी कांडी फेकत असे आणि तिची नळी वरखाली करण्यासाठी स्क्रूची सोय होती. तोफेने पाडलेला सैनिक मेला असे धरत. येथे फासे नाहीत व कोष्टकही नाही; गोळा लागला की लागला. पायदळ आणि घोडदळ यांना बंदुकीचा मारा मुळीच दिलेला नव्हता. त्यांनी तोफेच्या माऱ्यातून वाट काढून शत्रूशी भिडायचे, एवढेच त्यांचे काम होते.

अशा खेळात तोफच सर्वेसर्वा होण्याचा धोका होता. वेल्स यांनी तो रोखण्यासाठी केलेले निर्बंध आजही वाचनीय आहेत. एका खेळीत तोफ हलवता येई किंवा डागता येई. दोन्ही एकदम करता येत नसे. डागायची झाल्यास जास्तीत जास्त चार गोळे. तोफेपासून सहा इंचांच्या आत स्वपक्षाचे किमान चार सैनिक नसतील, तर तोफ निकामी समजली जाई. खेळीला वेळेची मर्यादा होती. म्हणजे तोफ ही स्वतः लढणारी वस्तू नसून माणसांनी चालवायचे यंत्र आहे, हे तत्त्व या पुस्तकात स्पष्टपणे आले. पुढील कित्येक नियमपुस्तिकांना ते इतक्या नेमकेपणाने मांडता आलेले नाही.

वेल्स यांची पद्धत टिकली नाही, याची कारणे व्यावहारिक होती. हाताने रंगवलेल्या महागड्या प्रतिमांवर कांड्यांचा मारा करण्यास पुढील पिढीचे संग्राहक धजेनात. शिवाय सेनापतीची कसोटी लागण्याऐवजी नेमबाजाचीच लागे, हा आक्षेपही रास्त होता.

काठी, शंकू आणि वर्तुळ

दुसऱ्या महायुद्धानंतर हा छंद अमेरिका व ब्रिटन येथे पुन्हा रुजला. डोनाल्ड फेदरस्टोन यांच्या १९६२ मधील ‘वॉर गेम्स’ या पुस्तकाने फासे व मोजपट्टी यांवर आधारलेल्या खेळाचा प्रसार केला. ब्रिगेडियर पीटर यंग व लेफ्टनंट कर्नल जे. पी. लॉफर्ड यांचे ‘चार्ज!’ १९६७ मध्ये, तर चार्ल्स ग्रँट यांचे ‘द वॉर गेम’ १९७१ मध्ये प्रसिद्ध झाले. ही पुस्तके प्रामुख्याने अठराव्या शतकातील युद्धपद्धतीवर आधारलेली आहेत.

त्या काळातील तोफेचा भरीव लोखंडी गोळा फुटत नसे. तो जमिनीवर टप्पा घेई, पुन्हा उसळे आणि रांगेत उभ्या असलेल्या सैनिकांना भेदत पुढे जाई. क्रिकेट पाहणाऱ्यास ही गती सहज समजेल, फरक इतकाच की टप्पा खाल्ल्यानंतरही हा चेंडू माणसाचा पाय तोडू शके. ग्रँट यांनी हे दाखवण्यासाठी टप्प्यांची काठी वापरली. ती तोफेच्या तोंडापासून लक्ष्याच्या दिशेने ठेवत. तिचे काही भाग गोळा डोक्यांवरून जात असल्याचे आणि काही भाग तो जमिनीलगत असल्याचे दर्शवत. काठीच्या घातक भागाखाली येणारे सैनिक बळी पडत. जवळच्या माऱ्यासाठी कॅनिस्टर, म्हणजे छर्ऱ्यांनी भरलेला पत्र्याचा डबा, वापरला जाई. तो तोफेच्या तोंडाबाहेर पडताच फुटून छर्रे पसरत. त्यासाठी निमुळत्या आकाराचा शंकू होता. उखळी माऱ्याच्या फुटणाऱ्या गोळ्यासाठी वर्तुळ असे.

या तीन साधनांची योजना अत्यंत समर्पक होती. दारूगोळ्याचा प्रत्येक प्रकार कोणत्या आकारात मृत्यू पसरवतो, हे खेळाडूला आकडेमोडीशिवाय दिसे. घोडदळ तोफेच्या समोरून का चालवू नये आणि खोल रांगा करून उभे राहणे का घातक, हे एकदा काठी ठेवली की वेगळे सांगावे लागत नसे. ओल्या जमिनीचा परिणामही यात सहज आणता येई. वॉटर्लूच्या लढाईपूर्वी, १७ जून १८१५ च्या रात्री मुसळधार पाऊस झाला. चिखलात गोळे रुतू लागले आणि टप्पे घटले. अशा डावात काठीचे पुढचे भाग सोडून दिले की झाले.

याच सुमारास एक शाखा अनपेक्षित दिशेने फुटली. गॅरी गायगॅक्स व जेफ पेरेन यांच्या १९७१ मधील ‘चेनमेल’ या मध्ययुगीन नियमपुस्तिकेला काल्पनिक पुरवणी जोडलेली होती. तीत जादूगाराचा अग्निगोल मोठ्या दगडफेकी यंत्राच्या माऱ्याइतका आणि त्याची वीज जड मैदानी तोफेइतकी धरली आहे. १९७४ मध्ये आलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाची मुळे याच पुस्तिकेत आहेत. आजच्या असंख्य संगणकीय खेळांतील जादूचा गोळा म्हणजे एका अर्थी वेषांतर केलेली तोफच होय.

आकड्यांचे दशक आणि त्यावरील आक्षेप

१९७० च्या दशकात काठी व शंकू मागे पडून सविस्तर कोष्टके पुढे आली. इंग्लंडमधील वॉरगेम्स रिसर्च ग्रुपच्या नियमपुस्तिका १९६९ पासून निघू लागल्या होत्या. ब्रूस क्वारी यांचे नेपोलियनच्या मोहिमांवरील १९७७ मधील पुस्तक तपशीलवार तक्त्यांसाठी प्रसिद्ध आहे. तोफेचे वजन, अंतर, गोलंदाजांचा दर्जा आणि लक्ष्याची रचना यांपैकी प्रत्येकासाठी वेगळा आकडा मिळवायचा किंवा वजा करायचा, अशी ही पद्धती होती.

मेजर जनरल बी. पी. ह्यूज यांचा १६३० ते १८५० या काळातील शस्त्रांच्या परिणामकारकतेवरील ग्रंथ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. चाचणीतील परिणाम व प्रत्यक्ष लढाईतील परिणाम यांत किती मोठी तफावत असते, याचा ऊहापोह त्यात आहे. अमेरिकन यादवी युद्धातील गेटिसबर्गचे उदाहरण या संदर्भात बोलके ठरते. ३ जुलै १८६३ रोजी दक्षिणेच्या सुमारे दीडशे तोफांनी दीर्घकाळ भडिमार केला. परंतु धुरामुळे नेम दिसेना, पुष्कळ गोळे उत्तरेच्या पायदळाच्या डोक्यांवरून मागे पडले, आणि त्यानंतर चालून गेलेल्या पायदळाला भयंकर किंमत मोजावी लागली. चाचणीच्या आकड्यांवर बेतलेल्या कोष्टकाने हा डाव खेळला, तर दक्षिणेचा भडिमार यशस्वी होण्याचीच शक्यता अधिक. कोष्टक जितके बारीक, तितका इतिहास अचूक, ही समजूत येथे उघडी पडते.

यातून पुढील पिढीचे नियम घडले. तोफेने किती माणसे मारली हे मोजण्याऐवजी समोरच्या तुकडीची शिस्त किती ढळली, तिचे पाऊल अडखळले का, हे पाहण्याकडे कल वाढला. १९९० मधील ‘फायर अँड फ्युरी’ हे अमेरिकन यादवी युद्धाचे नियम या वळणाचे आहेत. यात लष्करी सत्य अधिक आहे. तोफखान्याचे काम पुष्कळदा ठार करण्याचे नसून हल्ला थोपवण्याचे व मनोधैर्य खचवण्याचे असते.

पल्ल्याचा पेच

प्रतिमेचे प्रमाण व भूमीचे प्रमाण यांचा मेळ बसत नाही, ही या खेळाची जुनी व्यथा. २८ मिलिमीटर उंचीच्या प्रतिमांचे प्रमाण साधारण १:५६ धरतात. नेपोलियनकालीन मैदानी तोफेचा परिणामकारक पल्ला सुमारे ९०० मीटर मानला, तर या प्रमाणात तो १६ मीटर होतो. दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश २५ पौंडी तोफेचा पल्ला १२ किलोमीटरहून थोडा अधिक होता. १:१०० या प्रमाणातही त्यासाठी १२० मीटरांहून मोठे मेज लागेल. प्रचलित मेज सहा फूट लांब व चार फूट रुंद असते.

एकोणिसाव्या शतकापर्यंतच्या लढायांसाठी भूमीचे प्रमाण प्रतिमेपेक्षा वेगळे धरून हा पेच सोडवतात. एक प्रतिमा म्हणजे वीस किंवा तेहतीस सैनिक, एक तोफ म्हणजे अनेक तोफांची तुकडी आणि एक इंच म्हणजे ठरावीक मीटर. विसाव्या शतकातील तोफांसाठी हेही पुरत नाही. त्यामुळे दूर पल्ल्याच्या तोफा मेजावर मांडायच्याच नाहीत, त्या मेजाबाहेर असल्याचे मानायचे आणि मेजावर फक्त निरीक्षक ठेवायचा, असा संकेत रूढ झाला. न्यूझीलंडमध्ये २००२ मध्ये निघालेल्या ‘फ्लेम्स ऑफ वॉर’ने मात्र तोफा मेजावरच ठेवल्या. त्यात निरीक्षकाने आधी नेम जुळवायचा आणि मग सहा इंच बाजूचा चौकोनी साचा लक्ष्यावर ठेवायचा. रणगाड्यांच्या मागे काही इंचांवर उभ्या असलेल्या या तोफांवर टीका पुष्कळ झाली. तथापि सुंदर रंगवलेली तोफ पेटीत ठेवून कोणास आवडेल, हाही प्रश्न आहेच.

अंदाजाचा नियम: उदय आणि अस्त

मोजपट्टी लावण्याआधी खेळाडूने अंतराचा अंदाज सांगायचा आणि गोळा तेथेच पडला असे धरायचे, ही युक्ती मुळात नौदल युद्धखेळात गाजली. अमेरिकन लेखक फ्लेचर प्रॅट यांच्या १९४० मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या खेळात जहाजांचा तोफमारा याच पद्धतीने होई. गोलंदाजाची अनिश्चितता थेट खेळाडूच्या डोळ्यांवर सोपवणारा हा नियम फाशांपेक्षा अधिक थरारक होता.

ब्रिटनच्या गेम्स वर्कशॉप या कंपनीच्या ‘वॉरहॅमर’ खेळात १९९० च्या दशकात हीच कल्पना ग्रँट यांच्या टप्प्याशी जोडली गेली. खेळ काल्पनिक असला, तरी त्यातील तोफा सोळाव्या शतकातील जर्मन तोफांसारख्या होत्या. खेळाडू अंतराचा अंदाज सांगे. मग २, ४, ६, ८, १० हे आकडे व एक दुर्घटनेचे चिन्ह असलेला फासा टाकून गोळा किती पुढे गेला ते ठरे, आणि पुन्हा फासा टाकून टप्पा मोजला जाई. दुर्घटनेचे चिन्ह आले, तर तोफ फुटण्यापर्यंत मजल जाई.

अंदाजाच्या नियमाला अनुभवाने ग्रासले. सरावलेला खेळाडू अर्ध्या इंचापर्यंत अचूक अंदाज करू लागला. मेजाची लांबी, फरशीची रुंदी, स्वतःची कोपरापर्यंतची वीत अशी छुपी मापे वापरली जाऊ लागली. नवख्याची तोफ भलतीकडे डागली जाई आणि जुन्याची चुकत नसे. वेल्स यांच्या स्प्रिंगच्या तोफेवर घेतलेला आक्षेप येथे वेगळ्या रूपात परत आला होता. २०१० मधील आठव्या आवृत्तीत केव्हाही, कोणतेही अंतर मोजण्याची मुभा देण्यात आली आणि हा नियम निकालात निघाला.

याच खेळाच्या मूळ रचनाकारांपैकी एक असलेले रिक प्रीस्टली यांनी जर्विस जॉन्सन यांच्यासह २००९ मध्ये लिहिलेल्या ‘ब्लॅक पावडर’ या ऐतिहासिक नियमांत तर टप्पाही उरला नाही. सामान्य मैदानी तोफेचा पल्ला ४८ इंच; जवळच्या अंतराला तीन फासे, मध्यम अंतराला दोन आणि दूरच्या अंतराला एक. ग्रँट यांची काठी, शंकू आणि कोष्टकांची पाने, सारे तीन आकड्यांत सामावले. खेळ वेगवान झाला हे खरे. पण तोफेचा गोळा रांगेत शिरतो कसा, हे आता मेजावर दिसत नाही.

साच्यांच्या बाबतीत निरनिराळ्या खेळांची वाटचाल एका दिशेने झालेली नाही. दुसऱ्या महायुद्धावरील ‘बोल्ट ॲक्शन’च्या २०१२ मधील पहिल्या आवृत्तीत स्फोटक गोळ्याचे बळी फाशाने मोजत, २०१६ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याऐवजी गोल साचे आले. पुढच्याच वर्षी ‘वॉरहॅमर ४०,०००’च्या आठव्या आवृत्तीने साचे काढून टाकून फासे आणले. साच्यामुळे खेळाडू सैनिकांमध्ये अंतर राखतात, हे वास्तवाला धरून आहे. परंतु प्रत्येक खेळीत एकेक प्रतिमा मोजून मांडण्यात आणि साच्याच्या कडेला कोण आले यावर वाद घालण्यात वेळ जातो.

तोफ कोणाची?

तोफेपर्यंत शत्रू पोहोचला, तर काय होते? पुष्कळ आधुनिक नियमांत याचे उत्तर सोपे आहे: गोलंदाज मारले जातात किंवा पळतात, आणि तोफ मेजावरून उचलली जाते. महाराष्ट्राच्या भूमीवरील असईची लढाई या उत्तराला आव्हान देते.

आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्ली यांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेची दौलतराव शिंदे व रघूजी भोसले यांच्या सैन्याशी गाठ पडली. शिंद्यांच्या कवायती कंपूंचे नेतृत्व हॅनोव्हरचा पोलमन करत होता. मराठ्यांच्या तोफांनी आरंभीच कंपनीच्या तोफा व त्या ओढणारे बैल निकामी केले. असई गावाच्या रोखाने भरकटलेल्या ७४ व्या हायलँडर पलटणीची तोफांच्या माऱ्याखाली दाणादाण उडाली. पायदळाने संगिनींनी चढाई करून तोफांची रांग ओलांडली, तेव्हा तोफा जिंकल्या असेच वाटले. परंतु मेल्याचे सोंग करून तोफांजवळ पडून राहिलेले गोलंदाज उठले आणि त्यांनी पुढे गेलेल्या फौजेवर पाठीमागून मारा सुरू केला. त्या तोफा परत घेण्यासाठी वेलस्ली यांना ७८ वी हायलँडर पलटण व देशी घोडदळाची ७ वी रेजिमेंट घेऊन पुन्हा हल्ला करावा लागला. कंपनीने अखेरीस ९८ तोफा हस्तगत केल्या, पण तिचे दीड हजारांहून अधिक लोक मेले किंवा जखमी झाले.

भिडताच तोफ उचलून घेणाऱ्या नियमांनी असईचा डाव मांडला, तर या लढाईतील सर्वांत निर्णायक घटना मेजावर घडूच शकत नाही. मराठा गोलंदाजांची ख्याती ज्या चिवटपणासाठी होती, त्याला नियमात जागाच उरत नाही. त्यासाठी वेगळा नियम जोडावा लागतो: ओलांडलेली तोफ जागीच ठेवायची, आणि तिच्याजवळ शत्रूची तुकडी थांबली नाही, तर पुढील खेळीत फासा टाकून गोलंदाज पुन्हा उभे राहतात का ते पाहायचे.

वेल्स यांच्या १९१३ च्या नियमांत मात्र ही सोय आधीपासून आहे. त्यांच्या मते तोफ पकडली गेली असे ठरण्यासाठी हल्लेखोरांचे किमान चार सैनिक तिच्या चाकांच्या आसापलीकडे गेलेले असावे लागतात, आणि मूळ पक्षाचा एकही सैनिक तिच्यापासून सहा इंचांच्या आत उरलेला नसावा लागतो. एक जरी उरला, तरी तोफ पकडली गेली असे मानत नाहीत.